खानदेशी बेडकाचा जादा अवयव

जीवशास्त्र हे निरीक्षणावर उभे असते, निरीक्षण आकृतीवर उभे असते, आकृती जर्नलात असते आणि जर्नल हे मागच्या वर्षीच्या जर्नलवर उभे असते. यातला शेवटचा टप्पा परदेशी शास्त्रज्ञांना अजून सापडलेला नाही. त्यामुळे तिकडची मंडळी बिचारी आजही एकेक बेडूक समोर घेऊन तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसतात.

जळगाव आणि धुळे यांच्या दरम्यान, हमरस्त्याला लागून असलेल्या एका कॉलेजात मात्र हा प्रश्न १९७४ सालीच निकालात निघाला होता. (कॉलेजचे नाव येथे दिलेले नाही. असे कॉलेज अस्तित्वात नसल्यामुळे ते देणे अवघडही आहे.) तिथली पद्धत अशी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याने प्रथम तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी ओळख काढावी. ओळख निघत नसल्यास नाते काढावे. खानदेशात ते निघतेच. नात्याच्या बळावर त्याचे जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या आकृत्यांची जाडजूड वही, ताब्यात घ्यावी. दोन स्टुलांवर एक काच आडवी ठेवावी, खाली साठचा बल्ब लावावा, काचेवर जुने जर्नल उघडावे, त्यावर नव्या जर्नलचे कोरे पान पसरावे आणि खालून जी रेघ दिसेल तिच्यावरून पेन्सिल न्यावी. बेडकाची संपूर्ण पचनसंस्था या रीतीने अकरा मिनिटांत होते. प्रत्यक्ष बेडूक कापून, पाहून आकृती काढायला तीन तास लागतात आणि इतके करून ती बेडकासारखी दिसतही नाही.

या सुरळीत कारभारात १९८६ च्या जुलैत दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक अडथळा दाखल झाला. त्याचे हजेरीपटावरचे नाव कु. भामरे सुगंधा सुकदेव, राहणार भडगावजवळचे एक खेडे. सुगंधाला शिकून जामनेरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे होते. तिचे वडील सुकदेव आबा यांनी तिला कॉलेजात घालताना सगळ्या भाऊबंदांचा विरोध पत्करला होता आणि विरोध अगदीच एकतर्फी पडू नये म्हणून स्वतःकडून एक अट घातली होती.

"शिक पोरी, मन्ही ना नही," आबा म्हणाले होते. "पन एक साल बी वाया गयं, तं तुळशीनं लगन झायं की दुसरं तुन्हं. मी पाव्हनासले शब्द देयेल शे."

पाहुण्यांचा मुलगा धीराचा होता. पहिल्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी तो सायकल मारत भडगावला आला, पेपरात सुगंधाचा नंबर तिच्याही आधी शोधला, तो सापडल्यावर खिन्न झाला आणि उसाचा रस पिऊन परत गेला. पुढच्या जूनकडे त्याचे डोळे लागलेले होते. सुगंधाचेही लागलेले होते, फक्त वेगळ्या कारणासाठी.

सुगंधाला पाहायची खोड होती. शेंग दिसली की ती सोलून आत किती दाणे आहेत ते पाही, उंबर दिसले की फोडून आतले किडे पाही. तिची आई तानुबाई या खोडीमुळे काळजीत असे, कारण पाहुण्यांकडे मुलगी दाखवायची असते, मुलीने स्वतः काही पाहायचे नसते. कॉलेजात तिला होस्टेलवरच्या कमलने रीतीप्रमाणे आपले जर्नल देऊ केले. सुगंधाने ते उशाशी ठेवले, पण काच लावली नाही. ती सरळ प्रयोगशाळेत गेली, मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक टाचण्यांनी पक्का केला, पोट उघडले आणि जे दिसले ते काढले. यकृत, जठर, स्वादुपिंड, लहान आतडे, मोठे आतडे. सगळे जागच्या जागी होते. तिला इतका आनंद झाला की बेडकाला तसाच ठेवून ती दोन मिनिटे व्हरांड्यात फिरून आली.

आकृती घेऊन ती प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख प्रा. यादव छगन देवरे यांच्याकडे गेली. देवरे सर हे मायाळू गृहस्थ होते. विभागाची कपाटे त्यांनी स्वतः गावोगाव फिरून जमवली होती, आणि गरीब विद्यार्थ्याला ते आपल्या घरी जेवायला घालत. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, आकृती पाहिली आणि हळहळले.

"बाई, छान काढलंयस. पण हा कुठं गेला?"

"कोण, सर?"

सरांनी यकृताच्या उजव्या अंगाला लाल पेन्सिलीने एक गोल केला. "कॉर्पस खानदेशिकम."

ज्या वाचकांचे शिक्षण नाशिक, पुणे किंवा तत्सम मागास भागात झाले आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. कॉर्पस खानदेशिकम हा बेडकाच्या यकृताच्या उजवीकडे असणारा, बोराएवढा, किंचित लांबट गोळा असून त्याला खालच्या बाजूस आखूड नळी असते. तो फक्त खानदेशातल्या बेडकात आढळतो. त्याचे कार्य पचनास मदत करणे हे असावे. (पोटात असलेल्या आणि काम माहीत नसलेल्या कोणत्याही वस्तूचे कार्य पचनास मदत करणे हेच असते.) देवरे सरांनी त्याच्यावर धुळ्याच्या एका विज्ञान संमेलनात निबंध वाचला होता. निबंधासाठी त्यांनी बारा वर्षांतली ३१२ जर्नले तपासली आणि ३१२ मध्ये तो गोळा आढळला. शंभर टक्के निष्कर्ष जीवशास्त्रात सहसा मिळत नाही, त्यामुळे टाळ्या बराच वेळ पडल्या. तपासलेल्या बेडकांची संख्या निबंधात 'वेळेअभावी निरंक' अशी प्रामाणिकपणे दिलेली होती. १९८१ मध्ये कॉलेजच्या एका विद्यार्थिनीचे लग्न होऊन ती धुळ्याला गेली. सामानाबरोबर तिचे जर्नलही गेले, ते दिराच्या उपयोगी पडले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत धुळ्याकडच्या बेडकांतही हा अवयव दिसू लागला.

"सर, मला नाही दिसला," सुगंधा म्हणाली. "जे दिसलं ते काढलं."

"दिसलं ते काढायचं असतं, तर जर्नल कशाला लागतं, बाई? बेडूकच बाइंडिंग करून दिला असता." सर चिडले नव्हते, समजावून सांगत होते. "बेडूक कुठला होता?"

प्रयोगशाळेचा शिपाई पितांबर याला पाचारण करण्यात आले. बेडूक गिरणेकाठचा निघाला. सरांचा चेहरा उजळला. गिरणा नाशिक जिल्ह्यातून, मालेगावकडून येते. तेव्हा हा बेडूक पुरात तिकडून वाहत आलेला परका बेडूक असणार, यात त्यांना शंका राहिली नाही. सुगंधाच्या आकृतीवर त्यांनी 'नमुना परजिल्ह्यातील, पुन्हा करणे' असा शेरा मारला.

पुढचा बेडूक पितांबरने कॉलेजच्या मागच्या विहिरीतून काढला. त्याचा जन्म, बालपण आणि शेपूट गळणे सगळे याच विहिरीत झाल्याचे चौकीदाराने सांगितले. त्यातही गोळा नव्हता. 'नमुना लहान.' तिसरा चांगला थोराड होता. 'नमुना वृद्ध, अवयव झिजलेला.' चौथ्याला 'विद्यार्थिनीची दृष्टी तपासून घ्यावी' असा शेरा पडला. सुगंधाने सरकारी दवाखान्यात जाऊन दृष्टी तपासून घेतली. ती उत्तम निघाली. त्यावर सरांनी, फार उत्तम दृष्टीला जवळच्या वस्तू कधी कधी दिसत नाहीत, असे मत दिले.

सातव्या बेडकाच्या दिवशी ट्रे धुता धुता पितांबर इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, अकरा वरीस झायात. बठ्ठा बेडूक मन्हा हातखालतीन गयात. ती गाठ मी एकमां बी देखी नही."

"मंग सरले का बरं नही सांगं?"

"मी शिपाई शे, ताई. बेडूकमां काय ऱ्हास ते सर सांगतस. मी बेडूक आनस." एवढे बोलून तो पुन्हा ट्रे धुवायला लागला.

"मंग परीक्षामां पोरं काय दखाडतस?"

पितांबरने ट्रेच्या तळाच्या मेणात नखाने टोकरून चिमूटभर मेण काढले, बोटांत वळले, बोराएवढे केले आणि सुगंधाच्या तळहातावर ठेवले.

आता सुगंधाला राहवेना. विभागातल्या काचेच्या कपाटात गेल्या चौदा वर्षांतली उत्कृष्ट जर्नले जपून ठेवलेली होती. ती एकेक काढून तिने उलट्या क्रमाने पाहायला सुरुवात केली. १९८५ मध्ये गोळा होता, नळी होती, नाव होते. १९७९ मध्ये नळी होती, पण नावाच्या जागी 'सरांना विचारणे' असे लिहिले होते, तेही सुंदर अक्षरात. १९७६ मध्ये नुसते प्रश्नचिन्ह होते. त्यामागच्या वर्षी प्रश्नचिन्हही नव्हते, नुसता गोळा आणि नळी. आणि सगळ्यात तळाशी १९७३ चे जर्नल होते, कॉलेजचा पहिला प्रथम वर्ग मिळवणाऱ्या वना महाजन नावाच्या विद्यार्थ्याचे. या वनाने बेडूक खरोखर पाहून काढला होता. त्याच्या आकृतीत यकृताच्या उजवीकडे पेन्सिलीची एकही रेघ नव्हती. तिथे तेलाचा एक डाग होता, आणि डागाच्या खाली शेवेची एक तुटकी काडी वाळून कागदाला चिकटलेली होती.

सुगंधाने पान खिडकीसमोर धरले. सगळ्या आकृतीत तो डागच काय तो लख्ख चमकला, कारण तेल लागलेल्या कागदातून उजेड आरपार येतो. खाली साठचा बल्ब असता तर बाकी बेडूक अंधुक दिसला असता, पण हा सगळ्यात ठळक दिसला असता. तिने पान नाकाजवळ नेले. चौदा वर्षांनंतरही त्याला लसणाचा आणि काळ्या मसाल्याचा मंद वास होता. मेसची शेवभाजी. ती हसायला लागली. हसू आवरेना म्हणून तिने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला, तरी खांदे हलतच राहिले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

ते जर्नल घेऊन ती धावत सरांकडे गेली. सरांनी डाग पाहिला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग डागाभोवतीचा कागद बोटाने चाचपला, आणि सुगंधाला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

"शेवभाजी आहे," सर शेवटी म्हणाले. "पण बाई, ३१२ पोरं पास झाली या गोळ्यावर. निम्मी मास्तर आहेत, दोन डॉक्टर आहेत, एक जण तहसीलदार आहे. आता गोळा नाही म्हटलं, तर त्यांचं काय करायचं?"

जर्नलवर सरांची प्रमाणपत्राची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, परीक्षेला बसले नाही तर वर्ष जाते, आणि वर्ष गेले की सायकलवाला पाहुणा हसतमुखाने उभा, एवढे मात्र सुगंधाला ठाऊक होते. सरांनाही ते ठाऊक होते. त्यांनी तिचे जर्नल ओढून घेतले, स्वतःच्या हाताने त्यात गोळा काढला, नळी काढली, खाली सही ठोकली आणि वही परत देताना तिच्याकडे पाहिले नाही.

परीक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. बाहेरगावचे परीक्षक पुण्याकडून आले होते. नियमाप्रमाणे प्रथम त्यांचे जेवण झाले. (वांग्याचे भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, ठेचा. यानंतर परीक्षकाची निरीक्षणशक्ती सरासरी चाळीस टक्क्यांवर येते, ही या संस्थेची स्वतःची पाहणी आहे.) प्रयोगशाळेत चोवीस ट्रे होते, चोवीस बेडूक होते, आणि अवयवांत टोचलेल्या टाचण्यांवर नावांचे कागदी झेंडे फडफडत होते. परीक्षक तेवीस ट्रेंवरून एसटीच्या गतीने पुढे गेले. तेवीसही ठिकाणी मेणाचा गोळा होता, आणि गोळा असलेल्या ट्रेसमोर थांबण्याचे कोणालाच कारण नसते. चोविसाव्यापाशी ते थांबले.

"इथं काहीतरी कमी वाटतंय."

"सर, इथं काही नसतंच," सुगंधा म्हणाली. "बेडकात असं काही नसतं, सर."

तेवीस जणांनी आपापल्या गोळ्यावर अभावितपणे हात धरला. परीक्षकांनी शेजारचा ट्रे पाहिला, त्याच्या पलीकडचा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनीही असा गोळा पुस्तकात कधी वाचलेला नव्हता.

"एक ताजा बेडूक आणा," ते म्हणाले. "मी स्वतः उघडतो."

पितांबरने बेडूक आणला. परीक्षकांनी बाह्या सरसावल्या, कात्री उचलली, आणि ती नेमकी कुठून घालायची हे आठवत उभे राहिले. शेवटचा बेडूक त्यांनी उघडला त्याला अठरा वर्षे होऊन गेली होती. तेवढ्यात देवरे सरांनी कपाटातून १९७९ चे जर्नल आणून अदबीने त्यांच्यापुढे ठेवले. त्यावरच्या गोळ्याखाली त्या सालच्या बाहेरगावच्या परीक्षकांची सही होती, मोठ्या वेलांटीची, तिच्याखाली दोन टिंबे. परीक्षकांनी सही ओळखली. ती त्यांचीच होती.

त्यांनी कात्री ठेवली, हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसले. "असतो, असतो," ते म्हणाले. "नाजूक असतो. नवख्या हाताला लवकर सापडत नाही. पाच मिनिटं देतो, बाई. शोधा. नाही सापडला, तर मात्र डिसेक्शनचे गुण विसरा." आणि ते चहा घ्यायला गेले.

डिसेक्शनचे गुण गेले म्हणजे प्रात्यक्षिक गेले, प्रात्यक्षिक गेले म्हणजे वर्ष गेले. सुगंधाला आबा दिसले, तुळशीवृंदावन दिसले, उसाच्या रसाचा पेला दिसला. तिला संताप आला, रडूही आले, आणि या सगळ्याच्या तळाशी ते कपाटापुढचे हसू पुन्हा उकळायला लागले. तिने ट्रेचे मेण टोकरले आणि गोळा वळला. हात मूळचा चांगला, त्यामुळे वर्गातला सगळ्यात देखणा गोळा तिचाच झाला. नळीही केली. मग झेंड्याचा कागद घेतला आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिले: 'हे मेण आहे. उगम, शेवभाजी.' टाचणी गोळ्यात खुपसली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

परीक्षक आले. गोळा पाहिला, झेंडा पाहिला (वाचणे हे वेगळे काम आहे), समाधानाने मान हलवली आणि वीसपैकी अठरा दिले. देवरे सर मागून आले. त्यांनी झेंडा वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि तोंडाला रुमाल लावून ते लगबगीने बाहेर गेले. ते खोकत होते की हसत होते, हे व्हरांड्यातून आलेल्या आवाजावरून कळले नाही.

जूनमध्ये सुगंधाचा नंबर पेपरात आला. सायकल परत गेली, आणि पुढच्या वर्षी पाहुण्यांनी दुसरीकडे जमवले. पण सुगंधाच्या मनाला ते अठरा गुण टोचत राहिले. तिने आपले जर्नल उघडले आणि सरांनी काढलेल्या गोळ्यापुढे ठळक शाईने खरे काय ते लिहून टाकले: 'हा अवयव नाही, मेण आहे. मूळ १९७३ चा शेवभाजीचा डाग. कृपया उतरवू नये.' खाली तारखेसह सही केली. मग तिसऱ्या वर्षाला जाताना रीतीप्रमाणे जर्नल खालच्या वर्गाला दिले आणि सुटल्यासारखी झोपली.

खालच्या वर्गाने ते रात्रीतून काचेवर उतरवले. छत्तीस जर्नलांत गोळा आला, नळी आली, मेण आले, डाग आला, 'कृपया उतरवू नये' आले आणि 'सु. सु. भामरे' ही सहीसुद्धा मूळ वळणासकट आली. दुसऱ्याच वर्षी तोंडी परीक्षेला पहिल्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्यात आला, "कॉर्पस खानदेशिकमचा उगम कशापासून होतो?"

"शेवभाजीपासून, सर."

"कशाचा बनलेला?"

"मेण, सर. भामरे, १९८७."

"उत्तम," परीक्षक म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

सुगंधा भामरे पुढे जामनेरला विज्ञानाच्या बाई झाल्या. इथवर वाचून वाचक अर्थातच हसत असतील. बेडकात असा काही गोळा नसतो हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होते, असेही म्हणत असतील. ते ठाऊक असणे ही अभिमानाचीच गोष्ट आहे. तेव्हा केवळ नोंदीसाठी, ज्यांनी बेडूक स्वतः उघडून खात्री करून घेतली आहे त्यांनी हात वर करावेत. (ज्यांनी जर्नल उघडून खात्री करून घेतली आहे त्यांनी कृपया हात खाली घ्यावेत.)